महिपतरावांची स्क्वाड्रन

महिपतराव शेळके यांच्या खिशात कायम एक धुतलेलं फडकं असे. हॉटेलातलं बाकडं असो, माझ्या खोलीतली खुर्ची असो की घोरावडेश्वराच्या डोंगरावरचा कातळ असो, ते आधी पुसत आणि मग बसत. कातळ पुसून बसणारा दुसरा माणूस मी पाहिला नाही. त्यांचं दुसरं वेड उघड्या तोंडाचं. घरात एकही भांडं उघडं राहिलेलं त्यांना खपत नसे. माठ, तेलाची बुधली, पिठाचा डबा, सगळ्यांच्या तोंडाला कापड बांधलेलं. माझ्या टेबलावरची दौत उघडी दिसली की बोलता बोलता ते तिचं बूच लावून टाकत. मी लिहायला बसलो की पुन्हा काढावं लागे.

“तोंड उघडं ऱ्हायलं की धूळ जाती, मास्तर,” ते म्हणत. “मंग ते गनचं असू द्या न्हाईतर माणसाचं.”

गन हा शब्द त्यांच्या तोंडी विळाकोयत्यासारखा येई. महायुद्धात ते लढाऊ विमानांच्या एका स्क्वाड्रनमध्ये आर्मरर होते. म्हणजे विमानाच्या पंखांत ज्या गन बसवलेल्या असतात त्या साफ करायच्या, त्यांत गोळ्यांचे पट्टे भरायचे, आणि विमान परत आलं की पुन्हा साफ करायच्या. मी त्यांना ओळखू लागलो तेव्हा पन्नासचं दशक निम्मं सरत आलं होतं. ते देहूरोडच्या लष्करी डेपोत दारूगोळ्याच्या विभागात नोकरीला होते आणि बाजारामागच्या बैठ्या खोल्यांच्या ओळीत माझ्या शेजारी राहत होते. मी तिथल्या शाळेत इतिहास शिकवीत असे.

त्या स्क्वाड्रनचा नंबर मी इथे लिहीत नाही, आणि पुढे एका वैमानिकाचा उल्लेख येईल त्याचं नावही बदललं आहे. का, ते वाचणाऱ्याला कळेलच. आणखी एक सांगून ठेवतो. मला महिपतरावांचा हेवा वाटत असे, त्यांच्या स्क्वाड्रनचा तर त्याहून जास्त. पुढचं सगळं त्याच डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

ते मूळचे निघोज्याचे. घरी शेती, भाऊबंद मोठे. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरतीवाल्यांच्या मागोमाग गेले ते विमानदळात पोचले. अंगानं उंच, मान किंचित उजवीकडे वळलेली. उजव्या कानानं कमी ऐकू येई; गनची चाचणी घेताना कान गेला असं ते सांगत आणि त्यात त्यांना थोडा अभिमानही होता. ऐकायचं असलं की डावा कान पुढे करत, नको असलं की उजवा. गंगूवहिनींचं, म्हणजे त्यांच्या बायकोचं, बरंचसं बोलणं उजव्या कानाला जाई.

स्क्वाड्रनचा इतिहास ते कुळकथेसारखा सांगत. ती कधी जन्मली, तेव्हा तिच्याकडे दोन मजली पंखांची कसली कापडी विमानं होती, सरहद्दीवर कुठल्या माळावर तंबू होते, मग हरिकेन विमानं कशी आली, ब्रह्मदेशात कुठल्या टेकडीखाली धावपट्टी केली, चिखलात विमानाचं नाक टेकू नये म्हणून शेपटीवर कोण कोण बसायचं. यातलं बरंचसं ते भरती होण्याआधीचं होतं. तरी ते ‘आमी’ म्हणत. “आमी तवा सरहद्दीवर व्हतो.” मी एकदा म्हटलं, “महिपतराव, तुम्ही तेव्हा निघोज्यात गुरं राखत होता.” त्यांनी शांतपणे उजवा कान पुढे केला.

एकदा मी त्यांना शाळेत बोलावलं. मुलांना युद्ध शिकवताना एक खरा माणूस दाखवावा, एवढाच हेतू. त्यांनी वर्गातली खुर्ची पुसली आणि तासभर बोलले. माझ्या तासाला पेंगणारी मुलं पुढे सरकून बसली. एकानं विचारलं, “तुम्ही जपानी किती मारले?”

“म्या येक बी न्हाई. म्या गन भरल्या.”

मुलं हिरमुसतील असं मला वाटलं. पण त्यांनी लगेच गन कशी भरतात ते दाखवायला सुरुवात केली, माझ्या टेबलावरच्या खडूंनी, आणि घंटा झाली तरी कुणी उठेना. गन भरून झाली की तिच्या तोंडावर कापडाची पट्टी चिकटवायची. धूळ, पाऊस आत जाऊ नये म्हणून. गन सुटली की पहिल्या गोळीनं ती पट्टी फाटते. विमान परत येऊन उतरायला लागलं की उघड्या नळ्यांतून वारा जातो आणि शिट्टी वाजते.

“आमी खाली हुबं ऱ्हाऊन आयकायचो,” ते म्हणाले. “शिट्टी वाजली म्हंजे लढून आलं. न्हाई वाजली म्हंजे नुसतंच हिंडून आलं. वैमानिक खाली उतरून काय सांगल ते सांगल, आमाला आदीच ठाव असायचं.”

त्यानंतर आठवडाभर मुलं मधल्या सुट्टीत शिट्ट्या मारत धावत होती. मला इतिहासाचे तास घेऊन इतकी वर्षं झाली होती, पण माझ्या एखाद्या लढाईचा खेळ कुणी मधल्या सुट्टीत खेळलं नव्हतं.

स्क्वाड्रनमध्ये त्यांना ‘शेकी’ म्हणत. शेळके हे नाव पंजाबी, पारशी, बंगाली जिभांना जड, म्हणून ते झालं असावं. मला ते फार आवडलं. आमची ओळख चांगली मुरल्यावर एका संध्याकाळी मी सहज हाक मारली, “काय शेकी, चहा घेणार का?” ते चहा प्यायले. कप खाली ठेवला, बशी पुसली आणि म्हणाले, “मास्तर, ते नाव हितलं न्हाई.” रागानं नाही, जसं आपण एखाद्याला सांगावं की या घराला मागून दार नाही. मी पुन्हा कधी ते नाव घेतलं नाही.

गंगूवहिनींच्या हे लक्षात आलं असावं. दुसऱ्या दिवशी ताक आणून देताना त्या म्हणाल्या, “ह्यांचं लगीन आदी तितं लागलं, मंग माझ्याशी. तुमी कशापायी जळता, मास्तर? जळायचा मान माझा.” आणि हसल्या. मीही हसलो. पण त्यांनी बरोबर ओळखलं होतं. मला भाऊ नाही. शाळा बदलत आलो, गावं बदलत आलो, आणि कुठेही ‘आम्ही’ म्हणावं असं काही माझ्या मागे राहिलं नाही. हा माणूस मात्र गुरं राखत होता तेव्हाच्या दिवसांनाही ‘आमी’ म्हणू शकत होता.

युद्ध संपल्यावर ती स्क्वाड्रन मोडली. माणसं इकडे तिकडे गेली, विमानं भंगारात गेली. पण विमानदळात एक रीत आहे. स्क्वाड्रन मोडली तरी तिचा नंबर मरत नाही. तो ठेवून देतात. पुढे नवी स्क्वाड्रन उभी करायची झाली की तिला तो जुना नंबर देतात आणि नंबराबरोबर जुन्या स्क्वाड्रनचं चिन्ह, तिच्या ढाली, तिच्या लढाया, तिचे मेलेले, सगळं तिच्या नावावर होतं. हे मला त्यांनीच सांगितलं. पण आपल्या नंबराचं तसं होईल हे त्यांच्या मनात कधी आलं नसावं.

मी पुण्याहून येणारं वर्तमानपत्र वाचत असे. त्यात एके दिवशी छोटी बातमी होती: लोहगावला जेट विमानांची एक नवी स्क्वाड्रन उभी राहिली आहे आणि तिला अमुक नंबर दिला आहे. नंबर त्यांचा होता. मी आनंदानं उठून त्यांच्याकडे गेलो. ते सायकलची चेन साफ करत होते. मी वाचून दाखवलं. त्यांनी डावा कान पुढे केला, आणि पुन्हा वाचायला लावलं.

“कुणाला दिला?”

“नव्या मुलांना. लोहगावला.”

“त्यात आमच्यातलं कोन हाय?”

“बातमीत तसं काही नाही.”

ते चेन पुसत राहिले. मी म्हटलं, “आजोबाचं नाव नातवाला ठेवतात, तसंच हे.”

“नातवाला ठेवत्यात,” ते म्हणाले. “शेजारच्याच्या पोराला न्हाई ठेवत.”

तेव्हापासून जेट विमानं त्यांच्या डोक्यात बसली. लोहगावहून उडालेली विमानं कधी कधी आमच्या बाजूला वळत. आवाज आला की महिपतराव वर पाहत आणि काहीतरी बोलत. “ह्यो काय आवाज हाय? सायकलच्या पंपावाणी.” किंवा, “पंखा न्हाई, काय न्हाई. शेपटीला हात लावला तर भाजल.” एकदा बाजारात सायकलवाल्या मारुतीनं त्यांना चिडवलं, “तुमची इमानं चालली बगा, महिपतराव.” ते म्हणाले, “माझी न्हाईत. माझ्या नावावर हिंडत्यात.” मारुती हसला, पण मी त्यांचा चेहरा पाहिला होता. तो चेहरा मला ओळखीचा होता. आपल्याजवळचं आपल्या देखत दुसऱ्यानं आपलं म्हणावं, आणि त्याला कुणी अडवू नये, याचं दुःख मी रोज त्यांच्याच शेजारी बसून सोसत होतो; माझ्या शेजारचा हा माणूस त्या स्क्वाड्रनचा होता. खरं सांगायचं तर मला थोडं बरंही वाटलं. आता आम्ही दोघंही बाहेरचे होतो.

रविवारी सकाळी आम्ही घोरावडेश्वरावर जात असू. लेणी झाली की वरच्या अंगाला एक सपाट कातळ आहे; तिथून रेल्वे दिसते, डेपोची पत्र्याची छपरं दिसतात, आणि आकाश भरपूर दिसतं. त्या दिवशी दोन जेट विमानं डोंगरावरून पश्चिमेकडे गेली. महिपतराव काहीच बोलले नाहीत. मी मुलांच्या परीक्षेचं काही सांगत होतो, ते ऐकत नव्हते. बऱ्याच वेळानं आवाज परत आला. त्यांनी कपाळावर हात धरून पाहिलं.

“दोनी आली,” ते म्हणाले. मग खाली बघून, “आमचं येकच आलं व्हतं.”

मग त्यांनी जे सांगितलं ते मी होता होईल तो त्यांच्याच क्रमानं लिहितो.

महिपतराव ज्या विमानाच्या गन सांभाळत, ते दाराबसाहेब चालवीत. वीस-बावीस वर्षांचा पारशी मुलगा, आईबाप लहानपणीच गेलेले. उडण्याआधी ते महिपतरावांच्या खांद्यावर थाप मारत आणि म्हणत, “शेकी, तेरे भरोसे.” एके सकाळी दोन विमानं टेहळणीला गेली, एक दाराबसाहेबांचं आणि एक त्यांच्या जोडीदाराचं. परत आलं ते दाराबसाहेबांचंच. महिपतराव एकटेच खाली उभे राहून ऐकत होते. शिट्टी वाजली नाही.

विमान थांबलं तरी साहेब बाहेर येईनात. महिपतराव पंखावर चढले. पट्ट्या सगळ्या जशाच्या तशा होत्या. साहेबांचे हात मांडीवर पडलेले. ते म्हणाले, “शेकी, हाथ चला ही नहीं.” जोडीदारावर जपानी विमानं तुटून पडली, तो खाली गेला, आणि यांना बटण दाबता आलं नाही. ते वळून निघून आले.

“तेवढ्यात मोठ्या सायबांची जीप येताना दिसली,” महिपतराव म्हणाले. “मी पंखावरनं खाली उतारलो आन् आंगठ्यानं समद्या पट्ट्या फाडल्या. येक येक करून. मंग झाकण उघडून गोळ्यांचे पट्टे भायेर काढाया लागलो, जसं काय रिकामेच काढतोय.”

मोठ्या साहेबांनी फाटलेल्या पट्ट्या पाहिल्या. त्यांनी काही विचारलंच नाही. दाराबसाहेबांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाले, एकट्यानं इतक्यांशी लढलास. दाराबसाहेबांनी महिपतरावांकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

“मला वाटलं, वाचवला,” महिपतराव म्हणाले. “पर झालं उलटंच. त्या दिसापास्नं जितं म्हणून अवघड काम, तितं दाराब. त्येच्यावानी लढणारा कोन हाय? ते बी न्हाई म्हनंनात. कसं म्हनणार? म्या तोंड बंद केलं व्हतं न्हवं त्येंचं. थोड्याच दिसांत गेले ते. आलेच न्हाईत. मी हुबा ऱ्हायलो व्हतो आयकत.”

खालून एक मालगाडी गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत महिपतराव तिच्याकडे पाहत होते.

“पट्ट्या तशाच ठिवल्या असत्या तर काय झालं असतं? घरी धाडलं असतं. नाव गेलं असतं. जीव ऱ्हायला असता.” मग म्हणाले, “ह्ये कुणाला सांगितलं न्हाई. गंगूला बी न्हाई.”

मी त्यांना धीराचं काहीतरी बोललो असेन. काय बोललो ते आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की डोंगर उतरताना माझ्या मनात दुःखापेक्षा दुसरंच काही जास्त होतं. या माणसाचं एक काहीतरी फक्त माझ्याजवळ होतं. स्क्वाड्रनजवळ नव्हतं, वहिनींजवळ नव्हतं.

ते माझ्याजवळ फार दिवस एकट्याचं राहिलं नाही, असं म्हणता येणार नाही. राहिलं, पण त्याची किंमत गेली. ती अशी.

लोहगावच्या स्क्वाड्रनला आपला इतिहास लिहून काढायचा होता. त्यांनी जुन्या माणसांचा शोध घेतला आणि एका दुपारी जीपमधून एक तरुण अधिकारी आमच्या खोल्यांपुढे उतरला. लिमये त्याचं नाव. पुण्याचाच मुलगा, स्वच्छ बोलणारा. महिपतरावांनी नवी सतरंजी झटकली, पुसली आणि त्याला बसवलं. मलाही बोलावलं. आदल्या दिवशी निरोप आला तेव्हापासून त्यांच्या मनात काय होतं ते मला माहीत होतं, कारण ते मला म्हणाले होते, “येऊ द्या. इचारतो त्येला, तुजा नंबर कुठला.”

आणि विचारलंही. लिमये म्हणाला, “काका, आपण ब्रह्मदेशात होतो तेव्हाचं—”

“आपण म्हंजे कोन?” महिपतराव म्हणाले. “तुमी तवा चड्डीत व्हता.”

“चड्डीतच होतो,” तो म्हणाला. “चौथीत. पण आता मी तिथे होतो असं धरूनच मला जगावं लागतं, काका. सकाळी उडताना भिंतीवरची नावं वाचून जातो आम्ही. त्यातल्या एकाही माणसाला पाहिलेलं आमच्यात कोणी नाही. तुम्ही पाहिलंय.”

महिपतरावांनी डावा कान पुढे केला होता. वहिनी चहा घेऊन दारात उभ्या होत्या. लिमयेनं टाइप केलेले कागद काढले आणि म्हणाला की स्क्वाड्रनचा सगळ्यात मोठा दिवस म्हणून ते एक दिवस मानतात. त्या दिवशी दाराबसाहेब एकटे अनेकांशी लढून परत आले. नवीन आलेल्या प्रत्येक मुलाला पहिल्या आठवड्यात ही गोष्ट सांगतात. “पण आमच्याकडे चारच ओळी आहेत. त्यांचं विमान तुम्ही सांभाळत होता. काका, ते उतरले तेव्हा तुम्ही होता का तिथे?”

माझ्या हातात कप होता, तो मी खाली ठेवला. एका वाक्यात सगळं संपणार होतं. ज्यांनी त्यांचा नंबर घेतला होता, त्यांचा सगळ्यात मोठा दिवस महिपतरावांच्या जिभेवर होता. आणि मी कबूल करतो, मला ते वाक्य ऐकायचं होतं. त्यानंतर तो मुलगा कागद गोळा करून निघून जाईल आणि आम्ही दोघं उरू, असं मला दिसत होतं.

महिपतरावांनी खिशातलं फडकं काढलं. हातातला कप कोरडा होता तरी पुसला.

“व्हतो,” ते म्हणाले. “आदी शिट्टी आयकू आली.”

मग ते सांगत गेले. शिट्टी किती लांबून आली, ती ऐकून कोण कोण तंबूतून धावत बाहेर आलं. विमान कसं डुलत उतरलं. पट्ट्यांच्या नुसत्या चिंध्या उरल्या होत्या. नळ्यांना हात लावला तर चटका बसला. दाराबसाहेब हसत उतरले आणि म्हणाले, “शेकी, एक भी गन नहीं अटकी.” मी त्यांच्याकडे पाहत होतो. त्यांच्या तोंडून इतकी सुंदर गोष्ट मी कधी ऐकली नव्हती. त्यांनी हाताचं विमान केलं, ते वळवलं, उतरवलं. लिमयेचं लिहिणं थांबलं होतं. तो नुसता ऐकत होता. जाताना त्यानं वाकून नमस्कार केला, आणि महिपतरावांनी त्याच्या खांद्यावर थाप मारली.

जीप गेल्यावर मी विचारलं, “हे का केलंत?”

“मंग काय करायचं व्हतं?”

“खरं सांगायचं. तुम्ही मला सांगितलंत ते.”

ते उंबऱ्यावर बसले. पुसायचं विसरले. “दाराबसायबांच्या मागं कोन हाय, मास्तर? आई न्हाई, बाप न्हाई, लगीन न्हाई. त्येंचं नाव घ्याया हीच पोरं हायेत. म्या येकदा आपल्या मनानं पट्ट्या फाडल्या, ते त्येंच्या जिवावर गेलं. आता पुन्ना खरं बोलून त्येंला भिंतीवरनं बी खाली काढू?”

“पण इतिहास म्हणून—”

“इतिहास तुमचा, मास्तर. माणूस माझा.”

हे त्यांनी मला टोचायला म्हटलं नव्हतं. ते मुद्दाम कुणाला टोचत नसत. पण मी घरी येऊन बराच वेळ दिवा न लावता बसलो. मला खरं मिळालं होतं आणि त्या मुलांना गोष्ट, आणि देताना त्यांचा चेहरा मी दोन्ही वेळा पाहिला होता. डोंगरावर तो ओझं उतरवणाऱ्या माणसाचा होता. सतरंजीवर तो घरच्यांना जेवायला वाढणाऱ्या माणसाचा होता.

त्यानंतर ‘शेजारच्याची पोरं’ गेली आणि ‘आमची पोरं’ आली. विमानाचा आवाज आला की महिपतराव अंगणात येत. “आमची पोरं चालली.” सायकलच्या पंपाची कुणी आठवण करून दिली तर म्हणत, “आवाजाला काय करायचं हाय? वेग बगा की.” लिमये अधूनमधून येई, कधी दोघे-तिघे घेऊन येई. ते वहिनींच्या हातची भाकरी खात, मला ‘सर’ म्हणत, आणि महिपतरावांना ज्या नावानं हाक मारत, ते मी पुन्हा घेत नाही.

स्क्वाड्रनच्या वाढदिवसाला त्यांनी महिपतरावांना बोलावलं, आणि शेजारी म्हणून मलाही. मैदानात कनात लावली होती. महिपतराव पहिल्या रांगेत, मी शेवटच्या. इतिहास वाचला गेला. त्या दिवसाच्या आता चार ओळी नव्हत्या, पान झालं होतं. शिट्टी होती, चिंध्या होत्या, चटका होता. पुढे बसलेली मुलं श्वास रोखून ऐकत होती. दाराबसाहेब हसत उतरले, तिथे तर टाळ्या पडल्या. मग महिपतरावांना चार शब्द बोलायला सांगितलं. ते उभे राहिले, मान उजवीकडे वळवून सगळ्यांकडे पाहिलं, आणि हिंदीत एवढंच म्हणाले, “दाराबसाहब अच्छे आदमी थे.” आणि खाली बसले. त्या कनातीत ते वाक्य समजलेला मी एकटाच होतो. परतताना मुलांनी त्यांना जीपमध्ये घातलं. जीप भरली. लिमये मला म्हणाला, “सर, दाटीवाटीनं बसू,” पण मी बसनं येतो म्हटलं. फाटकाजवळ जीप माझ्या पुढून गेली. महिपतराव मधे बसले होते आणि मोठ्यानं काही सांगत होते, आणि सगळी मुलं त्यांच्या डाव्या बाजूला वाकली होती.

पुढच्या वर्षी पावसाळा संपता संपता त्यांना कावीळ झाली. निघोज्याला नेलं, झाडपाला झाला, मग पुण्याच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथे ते गेले. मी निघोज्याला पोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. मी चिंचवडच्या बाजारातून झेंडूचा हार नेला होता, तो घातला. वहिनींनी मला पाहिलं आणि मान हलवली. रडून त्यांचा आवाज बसला होता.

निघायच्या वेळी जीप आली. लिमये आणि आणखी मुलं, गणवेशात. त्यांनी पांढऱ्या फुलांचं मोठं चक्र आणलं होतं, त्यावर नंबर. ते त्यांनी छातीवर ठेवलं. माझा हार त्याखाली गेला. भाऊबंदांनी त्या मुलांना खांदा द्यायला बोलावलं. मी मागून चालत होतो.

इंद्रायणीच्या काठावर सगळं झालं. अग्नी दिल्यावर मुलांनी सलाम केला आणि बराच वेळ तसेच उभे राहिले. गावातली माणसं मागे सरून त्यांच्याकडे पाहत होती. मग लिमये माझ्याजवळ आला. त्याचे डोळे लाल होते.

“सर, तुम्ही इतकी वर्षं त्यांच्या शेजारी. आमच्याकडे त्यांचं जे आहे ते फार थोडं वाटतं आता. दाराबसाहेबांबद्दल, त्या दिवसाबद्दल, त्यांनी तुम्हाला आणखी काही सांगितलं होतं का?”

मी त्याच्याकडे पाहिलं. चांगला मुलगा होता.

“नाही,” मी म्हणालो. “तुम्हाला सांगितलं तेवढंच.”

त्यानं माझा हात हातात घेतला, टोपी घातली, आणि ती सगळी मुलं बांध चढून जीपकडे गेली. गावकरी पांगले. भाऊबंद अंघोळीला नदीत उतरले. मी चितेजवळच थांबलो. थोडा वेळ त्या जागी आम्ही दोघंच होतो.